कोळ्याचा जमाखर्च

अचाट शक्तीच्या माणसाला पगार कोण देतो, हा प्रश्न गोष्टी सांगणाऱ्यांनी आजवर मोठ्या शिताफीने टाळला आहे. भीमाने बकासुर मारला, पण त्याबद्दल ओव्हरटाइम मागितल्याचं महाभारतात कुठे नाही. गाडाभर अन्न मिळालं, ते फार तर भत्त्याखाती धरावं. पांडवांनी विराटाच्या पदरी नोकऱ्या केल्या खऱ्या, पण त्या एक वर्षाच्या, टेम्पररी. आणि त्याही लपण्यासाठी, पोटासाठी नव्हेत.

अमेरिकेतल्या चित्रकथांची तऱ्हाही निराळी नव्हती. १९३८ साली सुपरमॅन अवतरला. तो दिवसा वर्तमानपत्रात वार्ताहर. म्हणजे नोकरी पर्मनंट, आणि स्वतः उडत असल्यामुळे बस-आगगाडीचा खर्च शून्य. १९३९ साली बॅटमॅन आला. तो तर गर्भश्रीमंत. वाडवडिलांची इस्टेट एवढी, की रात्री चोर पकडणं हा त्याचा शौक. आपल्याकडे काही माणसं गुलाबाची कलमं लावतात तसा. या दोघांपैकी कुणालाही महिन्याच्या सव्वीस तारखेला वाण्याच्या दुकानावरून मान खाली घालून जावं लागलेलं नाही.

प्रस्तुत लेखक बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून आहे. त्यामुळे कुठल्याही वीरपुरुषाची गोष्ट निघाली की त्याचं शौर्य किती यापेक्षा त्याचं खातं कुठल्या शाखेत, हे जाणून घेण्याची त्याला खोड आहे. या खोडीपायी बरेच वीर तपासून झाल्यावर एकच असा सापडला, की ज्याचा सबंध जमाखर्च उघड्यावर आहे आणि जो दर महिन्याला तुटीत आहे. तो म्हणजे स्पायडर-मॅन. त्यातही १९६७ साली अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर आलेला पहिला, कार्टूनमधला स्पायडर-मॅन. कारण त्या मालिकेत नायकाच्या खिशात पैसे नव्हते, आणि मालिका काढणाऱ्यांच्या खिशातही नव्हते. असा योग क्वचित जुळून येतो.

नावाचा घोटाळा आधी मिटवून टाकू. स्पायडर-मॅनचं मराठी करायला गेलं तर 'कोळी' होतं, आणि मग डोळ्यांपुढे थेट वरसोव्याचा किनारा येतो. पण विचार केला तर फरक फार नाही. दोघांचंही पोट जाळ्यावर, आणि दोघांनाही वेळी-अवेळी घराबाहेर पडावं लागतं. असो.

हा नायक जन्माला आला १९६२ साली, 'अमेझिंग फँटसी' नावाच्या मासिकाच्या पंधराव्या अंकात. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको. तो त्या मासिकाचा शेवटचाच अंक ठरला. म्हणजे पोरगं जन्मलं तेच बंद पडणाऱ्या दुकानात. पीटर पार्कर हे त्याचं नाव. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा, चष्मा लावणारा, हुशार पण वर्गात कुणी विचारत नाही असा. आईबाप नाहीत, बेन काका आणि मे काकूंनी वाढवलेला. त्याला एक किरणोत्सर्गी कोळी चावला आणि पोरगा भिंती चढू लागला. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि मग गावच्या देवाचा अंगारा. पीटरने दोन्ही केलं नाही. अंगात शक्ती आली आहे म्हटल्यावर तो सरळ पैसे मिळवायला निघाला. पोशाख शिवला, तोंडावर मुखवटा चढवला आणि टेलिव्हिजनवर खेळ करून दाखवू लागला. जगाचं कल्याण वगैरे डोक्यात नाही. आधी घर, मग जग. आम्हाला तो तिथेच आपला वाटला.

अशाच एका खेळानंतर स्टुडिओच्या बोळातून एक चोर पळत आला. मागून पोलीस ओरडतोय, अडवा त्याला. याला नुसता पाय आडवा घालायचा होता. घातला नाही. पोलिसाने खडसावलं तेव्हा याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की हे आपलं काम नव्हे.

वाचकहो, हा सूर ओळखीचा वाटतो ना? कचेरीत, पोस्टात, रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीत, आणि खोटं कशाला बोला, बँकेतही तो ऐकू येतो. "हे माझं काउंटर नाही, तीन नंबरला जा." तीन नंबर म्हणतो पाच नंबरला जा. पाच नंबरचे साहेब जेवायला गेलेले. जगातले निम्मे व्यवहार या एका वाक्यावर अडून बसले आहेत. पण पुढे त्याच चोराने एका रात्री घरात शिरून बेन काकांना गोळी घातली.

विनोदी लेखात मृत्यू आणू नये असा संकेत आहे. इथे इलाज नाही, कारण या सगळ्या जमाखर्चातला तो पहिला आकडा आहे. 'माझं काम नव्हे' म्हणून सोडून दिलेली एक नोंद व्याजासकट अंगावर आली. पुढे हा पोरगा दुसऱ्यांची कामं आपल्या काउंटरवर ओढून घेत राहतो, ती या नोंदीची फेड. आणि फेड कधी पुरी होत नाही. सुपरमॅन चांगला आहे म्हणून चांगलं वागतो. पीटर चांगलं वागतो ते एकदा वागला नव्हता म्हणून. मालिकेने ही जन्मकथा १९६८ साली, दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला दाखवली. कार्टूनमध्ये माणूस मरत नाही, वरून ऐरण पडली तरी फक्त चपटा होतो, अशी ज्यांची समजूत होती त्या मुलांना त्या सकाळी नवीनच हिशेब शिकायला मिळाला.

काका गेले म्हणजे घरातलं कमावतं माणूस गेलं. १९६३ साली त्याच्या स्वतःच्या नावाचं मासिक निघालं. त्याच्या पहिल्याच अंकात घरमालक भाड्यासाठी तगादा लावतो आहे आणि मे काकू दागिने गहाण टाकताना दिसतात. जगातला सर्वांत चपळ माणूस रस्त्यावर उभा राहून आपल्या काकूला सावकाराच्या दुकानात शिरताना बघतो आणि काही करू शकत नाही. ज्याच्या घरात कधी पाटल्या गहाण पडल्या आहेत, त्याला या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याच अंकात तो प्रसंग आहे, जो आमच्या मते जागतिक बँकिंगच्या अभ्यासक्रमात लावला पाहिजे. पीटरने मुखवटा घालून पुन्हा एक खेळ केला. मानधन रोख मागितलं. आयोजक म्हणाला, रोख जमणार नाही, करासाठी हिशेब दाखवावा लागतो. खरं नाव सांगायची सोय नाही, तेव्हा चेक निघाला 'स्पायडर-मॅन' या नावाने. तो घेऊन हा पोशाखासकट बँकेत गेला. काउंटरवरच्या माणसाने ओळखपत्र मागितलं. याने आपला पोशाख दाखवला. काउंटरवाला बधला नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात एवढंच, की पोशाख हा काही ओळखीचा पुरावा नव्हे. चेक तसाच परत.

वाचक इथे हसतात आणि बँकवाल्याला नावं ठेवतात. आम्ही हा प्रसंग आमच्या हेडकॅशियरना जेवणाच्या सुट्टीत सांगितला. ते हसले नाहीत. डबा बाजूला सारून त्यांनी विचारलं,

"चेक बेअरर होता की ऑर्डर?"

"ऑर्डर असावा, साहेब."

"मग बरोबर आहे त्याचं. पेमेंट दिलं असतं आणि उद्या दुसरा कोणी तसलेच कपडे घालून आला असता तर? पैसे कुणाच्या पगारातून कापले असते?"

हा 'दुसरा कोणी तसलेच कपडे घालून आला तर' हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे उपयोगी पडणार आहे.

खेळ बंद पडले, तेव्हा पीटरने फोटो काढून विकायचा धंदा धरला. गिऱ्हाईक कोण, तर 'डेली ब्यूगल' या वर्तमानपत्राचा मालक जे. जोना जेमसन. चौकोनी मिशा, चौकोनी डोकं, तोंडात चिरूट. या गृहस्थाचा स्पायडर-मॅनवर भयंकर राग. तो समाजाला धोका आहे असं तो रोज छापतो, आणि शेजारी छापायला स्पायडर-मॅनचेच फोटो पीटरकडून विकत घेतो. म्हणजे हा पोरगा स्वतःच्या बदनामीला कच्चा माल पुरवून त्यावर घरभाडं भरतो. पगार नाही, बोनस नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, फोटोमागे पैसे. आणि कामावर उशिरा आला म्हणून बोलणी. उशीर का झाला, तर शहर वाचवत होता. पण ते कारण रजेच्या अर्जात लिहिता येत नाही.

आता हा मनुष्य टेलिव्हिजनवर कसा आला ते पाहू. अमेरिकेत त्या काळी शनिवारची सकाळ मुलांसाठी राखून ठेवलेली असे. मोठी माणसं झोपलेली, पोरं टेलिव्हिजनसमोर, आणि मधूनमधून खाऊच्या नि खेळण्यांच्या जाहिराती. १९६६ साली सीबीएस वाहिनीने या वेळात सुपरमॅनचं कार्टून आणलं. ते चाललं. झालं! एका गल्लीत वडापावची एक गाडी चालली की दुसऱ्या महिन्यात सहा गाड्या लागतात, तसे सगळे अचाट शक्तीच्या माणसांच्या मागे लागले. ९ सप्टेंबर १९६७, शनिवार, या दिवशी एबीसी वाहिनीवर 'स्पायडर-मॅन' सुरू झालं.

ते काढलं ग्रँट्रे-लॉरेन्स नावाच्या कंपनीने. नाव भारदस्त वाटतं, पण ते तीन भागीदारांच्या नावांची चटणी आहे: ग्रँट सिमन्स, रे पॅटरसन आणि रॉबर्ट लॉरेन्स. यांतले पॅटरसन हे एमजीएममध्ये 'टॉम अँड जेरी'साठी चित्रं काढलेले कसलेले गडी. तिथे मांजराची मिशी थरथरली तरी तिची वेगवेगळी चित्रं निघत. एमजीएमचा तो कार्टून विभाग १९५७ साली बंद झाला. टेलिव्हिजनकडे तेवढे पैसेही नव्हते आणि तेवढा वेळही. याच कंपनीने १९६६ साली मार्व्हलच्या इतर वीरांची एक मालिका काढली होती. तिच्यात तर चक्क छापील मासिकातली चित्रं उचलून त्यांचे ओठ आणि एखादा हात तेवढा हलवला होता. त्या मानाने स्पायडर-मॅन हा खर्चीक नायक. तो हलत होता.

पण हलवायचा किती, याला मर्यादा होती. आम्ही एक साधा हिशेब मांडला. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. काटकसर करून दर दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी सेकंदाला १२, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रं. मासिकातल्या स्पायडर-मॅनच्या अंगावर लाल भागात सगळीकडे जाळीच्या रेघा असतात. समजा, त्यातल्या ५० रेघा वाचवता आल्या, तर मिनिटाला ३६,००० रेघा वाचल्या. वीस मिनिटांत ७ लाख २० हजार. तेव्हा मालिकेतल्या पोशाखावर जाळी फक्त मुखवट्यावर, हातमोज्यांवर आणि बुटांवर उरली. बाकी अंग सपाट. याला म्हणतात प्रशासकीय खर्चात कपात.

मुखवट्याने तर लॉटरीच लागली. सुपरमॅन बोलायचा तर ओठ हलवावे लागतात. बॅटमॅनचीही हनुवटी उघडी. याचा चेहरा नखशिखांत झाकलेला. आवाज आला की झालं! डिटको यांनी तो मुखवटा काढला तेव्हा एक दिवस त्यावर एका कंपनीचा तोंडमिळवणीचा खर्च वाचेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

आणि झोके! इमारतींमधून झोके घेत जाण्याची चार-दोन दृश्यं एकदा नीट काढून ठेवली, आणि मग प्रत्येक भागात, प्रत्येक प्रसंगात तीच. इकडून तिकडे जायचं आहे, झोका. तिकडून इकडे यायचं आहे, तोच झोका. बँकेत एकच व्हाउचर दोनदा दाखवलं तर घरी बसावं लागतं. इथे एकच झोका शेकडो वेळा पास झाला. हल्ली हे जुने भाग पुन्हा पाहायला मिळतात. आमचे चिरंजीव पाहता पाहता म्हणाले,

"बाबा, हा परत तोच सीन आहे. आणि त्याची दोरी वर कशाला चिकटते? वर तर आभाळच आहे!"

प्रश्न रास्त होता. बिल्डिंगा खाली राहिल्या आहेत, वर ढग आहेत, आणि हा ढगाला दोरी लावून झोके घेतोय. आम्ही 'तारण नसलेलं कर्ज' यासारखं काही समजावणार, एवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? माझी एकच पैठणी आपल्या घरातल्या नऊ लग्नांच्या अल्बमात आहे. कुणी विचारलं का, परत तीच का म्हणून?"

या विषयावर आम्ही वाचलेल्या सगळ्या विद्वत्तेपेक्षा हे एक वाक्य जास्त मोलाचं वाटतं. पण त्याकडे मागाहून येऊ.

एवढं करूनही ताळेबंद जुळला नाही. १९६८ च्या सुमारास ग्रँट्रे-लॉरेन्सचं दिवाळं वाजलं. मालिकेचे वितरक होते स्टीव्ह क्रांट्झ. त्यांनी काम आपल्याकडे घेतलं आणि न्यूयॉर्कमध्ये राल्फ बाक्शी या तरुण चित्रकाराच्या हाती सोपवलं. हे बाक्शी पुढे १९७२ साली 'फ्रिट्झ द कॅट' हे फक्त प्रौढांसाठीचं कार्टून काढून गाजले, आणि १९७८ साली त्यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पडद्यावर आणलं. पण १९६८ साली त्यांच्यापुढे रिकामी तिजोरी होती. आता तर उसनवारीला काही धरबंधच राहिला नाही. क्रांट्झ यांचीच 'रॉकेट रॉबिन हूड' नावाची मालिका होती. रॉबिन हूडला भविष्यकाळात नेऊन अवकाशयानात बसवलेलं. तिच्यातल्या दोन गोष्टी देखाव्यांसकट उचलल्या आणि रॉबिन हूडच्या जागी स्पायडर-मॅनला उभं केलं. रॉबिन हूडने आयुष्यभर श्रीमंतांचं काढून गरिबांना दिलं अशी ख्याती आहे. त्या गरिबांच्या यादीत स्पायडर-मॅनचाही नंबर लागला.

पार्श्वसंगीतही पुढच्या हंगामांत लंडनच्या केपीएम या संस्थेच्या तयार साठ्यातून घेतलं. लग्नाला भाड्याने भांडी आणतात तसं. मात्र गंमत अशी, की ही भाड्याची भांडी घरच्यांपेक्षा झकास निघाली. मध्यरात्रीच्या रस्त्यावर, पिवळ्या दिव्यांखाली वाजणारी ती जॅझची धून पाहणाऱ्यांच्या कानात बसली ती बसलीच. बाक्शींच्या चित्रकारांनी मागचं आकाशही जांभळं, हिरवं, शेंदरी रंगवून टाकलं. चित्रं वाढवायला पैसे लागतात, रंग बदलायला लागत नाहीत. ज्याच्याकडे काही नसतं तो अशी एखादी चैन शोधून काढतो.

एका बाबतीत मात्र मालिका पहिल्यापासून श्रीमंत होती. शीर्षकगीत लिहिलं होतं पॉल फ्रान्सिस वेब्स्टर यांनी, तीन ऑस्कर मिळालेल्या गीतकाराने. चाल बॉब हॅरिस यांची. ते गाणं १९९५ साली रामोन्ससारख्या दणदणीत रॉक मंडळींनीही गाऊन पाहिलं. त्या गाण्याचा एक दावा आहे, की या वीराला धनाची पर्वा नाही. हे विधान तपासणीत टिकणार नाही. ज्याची काकू दागिने गहाण टाकते, त्याला धनाची पर्वा असते. फक्त त्याला ते मिळत नाही, आणि नाही मिळालं तरी तो कामावर येतो. पण एवढं सगळं चालीत बसत नसावं.

आवाजही परदेशचे. मालिका अमेरिकेची, पण ध्वनिमुद्रण कॅनडात, टोरँटोला. स्पायडर-मॅनचा आवाज होता पॉल सोल्स यांचा. कॅनडाच्या टेलिव्हिजनवर निवेदन करणारे सुसंस्कृत गृहस्थ. ते २०२१ साली वारले. पीटर बोलायचा तो मऊ, जरा दबकत. मुखवटा चढला की आवाज भरदार. हे आम्हाला फार खरं वाटतं. घरात हळू बोलणारे कितीतरी लोक काउंटरमागे बसले की असेच बोलतात.

अशा रीतीने १९७० पर्यंत एकूण ५२ भाग झाले आणि मालिका संपली. हिशेबनिसाने फाइल बांधून कपाटात टाकायची, एवढंच उरलं होतं. पण ती फाइल कपाटात राहिना. वर्षानुवर्षं देशोदेशी ती पुन्हा पुन्हा दाखवली गेली. १९८० च्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही आली. तोवर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं होतं, पण चाळीतला संच कृष्णधवल. त्यामुळे बाक्शींनी फुकटात मिळवलेली रंगांची चैन आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्ध्या वाटेत जप्त झाली. लाल आणि निळा, दोन्ही करडे. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं. तरी पंचवीस-तीस पोरं एका खोलीत श्वास रोखून बसत, आणि कार्यक्रम संपला की जिन्याच्या कठड्यांवरून ज्या उड्या पडत, त्याचा हिशेब आयोडिनच्या बाटलीत व्हायचा.

का आवडत होतं ते? चित्रं हलत नव्हती, झोके तेच ते, आकाशाला दोऱ्या. खलनायकही असे, की एक गेंडा नावाचा इसम सोनं चोरतो, आणि त्याचं काय करतो, तर स्वतःचा पुतळा. आमच्या शाखेत सोनंतारण कर्जाचा विभाग आहे, पण एवढं अनुत्पादक कारण कुणी अर्जात लिहिलेलं नाही.

उत्तर पैठणीत आहे. ज्या घरात वस्तू पुरवून पुरवून वापरतात, तिथल्या मुलांना तेच ते दृश्य परत आल्याचं दुःख होत नाही. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, धाकट्याचा शेजारच्याला, आणि शेवटी त्याचंच पायपुसणं. तो झोकाही तसाच आमच्या अंगवळणी पडला. चित्रातली टंचाई आणि गोष्टीतली टंचाई एकाच माहेरच्या होत्या. बॅटमॅनची कथा एवढ्या कमी पैशांत काढली असती तर ती दरिद्री दिसली असती. इथे ती खरी दिसली. भाडं थकलेला, बॉसची बोलणी खाणारा, काकूच्या औषधाची चिंता असलेला माणूस सपाट पोशाखात, उसन्या आभाळाखाली, भाड्याच्या संगीतावर कामाला निघालाय आणि तरीही थट्टामस्करी करतोय. शत्रू अंगावर आला तरी याची टवाळी चालूच. सुपरमॅनला विनोदाची गरज नाही. त्याला गोळी लागत नाही. विनोद करतो तो ज्याला लागते तो.

आता हेडकॅशियरसाहेबांच्या मुद्द्याकडे येऊ. पहिल्याच हंगामात 'डबल आयडेंटिटी' नावाची एक गोष्ट आहे. तिच्यात चार्ल्स कॅमिओ नावाचा एक नट वेषांतरं करून चोऱ्या करतो आणि शेवटी स्पायडर-मॅनचाच वेष घेतो. दोन स्पायडर-मॅन समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात: हा तोतया! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पुण्याला जो घोळ घातला, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं गांभीर्य कळेल. दोघांचाही पोशाख तोच. १९६३ साली काउंटरवरचा तो अनामिक कारकून जे म्हणत होता, ते पुढे पडद्यावर सिद्ध झालं. बँकेवर हसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ते क्षणभराचं स्वस्तातलं चित्र पुढे जगभर मोबाइलवर फिरलं. दोन पक्ष एकमेकांना तोतया म्हणाले, लाव ते चित्र. दोन खाती एकमेकांकडे फाइल ढकलतात, लाव तेच चित्र. बँकेच्या द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक रकमेला नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात, तसं आता प्रत्येक भांडणाला हे चित्र असतं. २०१८ साली 'स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स' हा सिनेमा आला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. शंभराहून जास्त चित्रकार त्यावर राबत होते, पैशाला तोटा नव्हता. आणि एवढं सगळं असून त्यांनी काय केलं? दर दोन चौकटींना एक चित्र, ही काटकसरीची चाल मुद्दाम वापरली, कारण तिला एक ठसका आहे. आणि नामावलीनंतर भविष्यातला एक स्पायडर-मॅन १९६७ सालात पाठवला, त्या सपाट पोशाखवाल्याकडे. आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवत भांडले. गरिबाने गरज म्हणून केलेलं ठिगळ श्रीमंताने नक्षी म्हणून शिवून घेतलं.

त्या सिनेमाचं म्हणणंच असं, की मुखवट्याआड कुणीही असू शकतो. २०२३ सालच्या पुढच्या भागात पवित्र प्रभाकर नावाचा एक भारतीय स्पायडर-मॅनही आहे. मूळचा २००४ सालच्या चित्रकथेतला, मुंबईचा. हा भाग मराठीतही आला. पोशाख कोणीही घालू शकतो, ही १९६३ साली बँकेची हरकत होती. साठ वर्षांनी तेच आश्वासन झालं. ज्या वाक्यामुळे एका पोराचा चेक परत गेला, त्याच वाक्यामुळे जगातल्या प्रत्येक पोराला आपला नंबर लागेल असं वाटू लागलं.

वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत नावलौकिक, म्हणजे गुडविल, नावाची एक मालमत्ता असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिजोरीत ठेवता येत नाही. बुडालेल्या कंपनीच्या खुर्च्या-टेबलांना, रंगांच्या बाटल्यांना भाव येतो. गुडविल शून्य धरतात. त्या नियमाने ग्रँट्रे-लॉरेन्सचं गुडविल शून्य. आणि आज त्यांनी वाचवलेल्या रेघांची, त्यांच्या त्याच त्या झोक्यांची आठवण काढून तीन पिढ्या हसतात. ही रक्कम कुठल्या खात्यात दाखवायची, ते बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

राहता राहिला तो चेक. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिन्यांवर आणली आहे. त्यामुळे तो वटण्याची आशा नाही. तरी तो पोरगा आमच्या काउंटरवर आलाच, तर त्याला 'तीन नंबरला जा' असं कुणी सांगू नये एवढं आम्ही बघू. बसायला खुर्ची देऊ आणि नवीन खात्याचा फॉर्म स्वतः भरून देऊ. नाव : पीटर पार्कर. व्यवसाय : फोटोग्राफर. वार्षिक उत्पन्न : अनिश्चित. वारस : मे काकू. खाली ओळख देणाऱ्याची सही हल्ली लागत नाही. पण त्याच्यासाठी आम्ही करू.